सातव्या हेन्रीसमोर अर्धा तास

प्रिय मनू,

घरी पोचून आठवडा झाला, आल्या दिवसापासून कारखान्यातच आहे, शाडूचे गोळे भिजत पडलेत आणि पोरं साच्यातून मूर्ती काढतायत. पण त्या दिवशी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये तू विचारलंस ना, बाबा त्या एका डोक्यासमोर एवढा वेळ काय बघत होतास, तेव्हा मला धड सांगता आलं नाही. रात्री झोप लागेना म्हणून आता लिहितोय.

ती माती आहे गं. तो सातवा हेन्री इंग्लंडचा राजा, १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मुकुट मिळवला, जवळपास चोवीस वर्षं राज्य केलं, पण समोर बघितलं तर साठेक सेंटीमीटर उंचीची भाजलेली माती आणि वरून रंग, म्हणजे आपल्याच धंद्यातली वस्तू. केली कोणी, तर पिएत्रो तोरीजानो नावाच्या फ्लोरेन्सच्या माणसाने, १५०९ ते १५११ च्या सुमाराला. इंग्लंडच्या कारागिरांचा हात तेव्हा दगड, लाकूड, अलाबास्टर नावाच्या मऊ पांढऱ्या दगडावर, मातीत असा हुबेहूब चेहरा उतरवायची विद्या इटलीकडची. लहानपणी हा तोरीजानो मायकेलअँजेलोबरोबर शिकत होता आणि भांडणात त्याने मायकेलअँजेलोचं नाक फोडलं, ते जन्मभर तसंच राहिलं. एवढ्या तापट माणसाचा हात त्या म्हाताऱ्या गालांवर इतका हळुवार कसा फिरला असेल हेच मी बघत होतो.

आपण शाडू भाजत नाही, तो पाण्यात विरघळायचाच असतो, त्यामुळे आपली मूर्ती आतून थोडी जाड राहिली तरी चालून जातं. भट्टीत जाणाऱ्या मातीचं तसं नाही, जाड गोळा राहिला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि सगळं फुटतं. म्हणून आतून पोकळ करायची, भिंत शक्यतो सारखी ठेवायची, नीट वाळू द्यायची आणि मग आच. त्यातही माती आक्रसते, कानामागे किंवा मानेला तडा जायची भीती. एवढं सगळं सांभाळून ओठांची ती घट्ट मिटलेली रेघ, खाली गेलेले गाल, डोळ्यांखालचं थकलेपण जसंच्या तसं राहिलंय. पाचशे वर्षं झाली!

राजा १५०९ च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ रिचमंडला वारला, वय बावन्न. आधी १५०२ मध्ये थोरला मुलगा आर्थर गेला, पुढच्या वर्षी बायको एलिझाबेथ गेली. जाणकार म्हणतात की मेल्यावर चेहऱ्याचा साचा घेतला होता आणि हे डोकं त्यावरून केलं असावं. मला ते पटतं, पण साच्यातून फक्त हाडं येतात मनू, नजर येत नाही. ती आखणी करणाऱ्यालाच आणावी लागते, हे तुला मी काय सांगू, तू लहानपणी स्टुलावर बसून मी गणपतीचे डोळे आखताना श्वास रोखून बघायचीस.

आपण वेस्टमिन्स्टर अॅबीत राजा-राणीची समाधी बघितली ती पण तोरीजानोनेच केलेली, सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ, १५१२ मध्ये करार झाला दीड हजार पौंडांचा. ती भव्य आहेच, तिथे दोघं हात जोडून शांत पडलेत, देवासारखे. पण मला मातीचाच राजा जवळचा वाटला कारण तो कोणाच्या तरी घरातला म्हातारा दिसतो, हिशेब तपासताना मान वर करून बघणारा.

आणि खरं सांगू, मला तिथे तुझे आजोबा दिसत होते. तेच गाल, तीच ओठांची रेघ. चाळीस वर्षं माझ्या हातात माती आहे, किती हजार मूर्ती केल्या असतील, आणि आजोबा शेवटचे सहा महिने ओटीवर माझ्यासमोर बसून असायचे, मी एकदाही त्यांचा चेहरा केला नाही. सीझन आहे, नंतर बघू, असं करत राहिलो. त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून तेव्हा बोलता आलं नाही.

आता विसर्जन झालं की मी करणार आहे, भाजायची माती वेगळी मागवतोय, भट्टीसाठी कुंभारवाड्यात विचारून ठेवलंय. फोटो सगळे समोरून आहेत, बाजूने एकही नाही. तुझ्या जुन्या फोनमध्ये ताईच्या लग्नातला एक आहे बघ, आजोबा खिडकीकडे बघतायत, कान आणि जबडा स्पष्ट दिसतो, तो शोधून पाठव. आणि रविवारी जमलं तर पुन्हा त्या म्युझियममध्ये जा, तिकीट नाही तिथे, राजाच्या डाव्या आणि उजव्या बाजूने फोटो काढ, मान खांद्याला मिळते तिथला जवळून. टोपीखालून केस कसे काढलेत तोही हवाय.

आई विचारतेय मेतकूट संपलं का.

तुझा
बाबा