विषय: गेमिंग कॉम्प्युटरसाठी तुम्हीच सुचवलेला अपुरा पॉवर सप्लाय आणि चुकीची रॅम

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग यांस,

आत्ताच तुमच्या प्रतिनिधीशी बोलून फोन ठेवला. यापुढे मी फोन करणार नाही, जे काही असेल ते लेखी.

ऑर्डर तुमच्यासमोर आहेच: रायझन 7 7700एक्स प्रोसेसर, आरटीएक्स 4070 टीआय ग्राफिक्स कार्ड, 32 जीबी डीडीआर5 रॅम आणि तुमच्या वेबसाइटने 'या जोडणीसाठी योग्य' म्हणून सुचवलेला 550 वॅटचा पॉवर सप्लाय. गेममध्ये भारी दृश्य आलं की मशीन धाडकन बंद पडतं. निळा पडदा येत नाही, एरर येत नाही, थेट अंधार. साधं काम दिवसभर केलं तर काहीही होत नाही. एवढ्या लक्षणांवरून सप्लायचा संशय पहिल्याच फोनवर यायला हवा होता. मला मात्र विंडोज पुन्हा टाकायला लावलं, मग ड्रायव्हर बदलायला लावले, मग पुन्हा विंडोज.

आजचं संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड झालं असेल, ते कृपया स्वतः ऐका. मी म्हणालो, हे ग्राफिक्स कार्ड 285 वॅटचं आहे आणि ते बनवणारी एनव्हिडिया स्वतः त्यासाठी 700 वॅटचा सप्लाय सांगते. उत्तर आलं, "सर, तुमचा सप्लाय 80 प्लस गोल्ड आहे, त्यामुळे तो 550 चा असून 700 सारखा चालतो." मी विचारलं, गोल्डचा आणि क्षमतेचा काय संबंध? ते म्हणाले, "सर, गोल्ड म्हणजे जास्त पॉवर." मी समजावलं की गोल्ड ही कार्यक्षमतेची श्रेणी आहे, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते एवढंच ती सांगते. गाडीचं मायलेज चांगलं म्हणून तिच्यात जास्त माणसं बसत नाहीत. त्यावर मला होल्डवर टाकलं. परत आल्यावर म्हणाले, "सिनियरना विचारलं सर. तुम्ही गेम लो सेटिंगवर खेळा."

लो सेटिंगवर खेळायला 4070 टीआय घेतात का? हे कार्ड विकताना तुम्ही अल्ट्रा सेटिंगचे आकडे दाखवले होते. आणि हा सल्ला तुमच्या सिनियरचा आहे, याचा मला जास्त राग आला.

हिशेब फार कठीण नाही. कार्डाचे 285, प्रोसेसर पूर्ण ताणावर 142, म्हणजे दोघांचेच 427. त्यात मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे धरा. गेममध्ये प्रोसेसर सहसा एवढा ओढत नाही, मान्य. पण कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या मर्यादेच्या बरंच वर उसळी मारतं, आणि त्या क्षणी सप्लायचं संरक्षण सगळं बंद करतं. अशा उसळ्या सोसता याव्यात म्हणून 2022 मध्ये पॉवर सप्लायसाठी एटीएक्स 3.0 मानक आलं. तुम्ही दिलेला सप्लाय त्या मानकाचा नाही.

रॅमचंही तेच. 32 जीबी मागितल्यावर तुम्ही 8 जीबीच्या चार स्टिक बसवल्या. 7700एक्सला दोन स्टिकवर रॅमचा अधिकृत वेग 5200 (एमटी/सेकंद) आहे, चार भरल्या की 3600. पाकिटावर 6000 छापलंय, पण त्या वेगासाठीचं एक्स्पो प्रोफाइल (रॅममध्येच साठवलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू केलं की मशीन सुरूच होत नाही. शिवाय 8 जीबीच्या डीडीआर5 स्टिकमध्ये बँक ग्रुप, म्हणजे चिपमधले मेमरीचे स्वतंत्र गट, निम्मे असतात, त्यामुळे त्या तशाही मागे पडतात. 16 जीबीच्या दोन स्टिक दिल्या असत्या तर हा प्रश्नच आला नसता. जुळणी करून देणाऱ्या कंपनीला हे ठाऊक असतं. तरीही चारच का बसवल्या, याचं उत्तर मला हवं आहे.

माझा आधीचा कॉम्प्युटर तुमचाच होता आणि तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. त्या भरवशावर मी धाकट्या भावाला आणि मित्रांना तुमचंच नाव सांगितलं. आता त्यांना काय सांगू? 550 वॅटवर 4070 टीआय 'योग्य' ठरवणाऱ्यांवर मी तरी पुन्हा विश्वास ठेवू शकत नाही.

मला एटीएक्स 3.0 चा किमान 750 वॅटचा सप्लाय आणि 16 जीबीच्या दोन स्टिकची 6000 ची जोडी बदलून हवी आहे, तुमच्या खर्चाने. वेबसाइटवरची ती शिफारसही आजच काढा, कारण तीच जोडणी अजून इतरांना विकली जात आहे. आठवड्याभरात लेखी उत्तर आलं नाही तर सगळी कागदपत्रं आणि फोनच्या नोंदी घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. विंडोज मात्र आता पुन्हा टाकणार नाही.

तुमचा जुना ग्राहक