यंत्र राहू द्या, कात्री सांभाळा

महोदय,

सरकारी दवाखान्यात मी 31 वर्षे औषधे दिली. हजार गोळ्यांचा डबा उघडायचा, ताटलीत ओतायच्या आणि पट्टीने पाच-पाच सरकवायच्या. बोटे आजही तशीच हलतात. गेल्या वर्षी लेकीकडे न्यू जर्सीला गेलो, तर तिथल्या औषधांच्या दुकानात यंत्राने नव्वद गोळ्या बघता बघता मोजून नारिंगी बाटलीत टाकल्या. (खरे सांगतो, हेवा वाटला.) आपल्याकडे गोळ्या पाकिटात, त्यामुळे मोजणे सोपे. पण परवा मेडिकलवाल्याने चार गोळ्या कापून दिल्या आणि मुदतीची तारीख त्याच्याकडच्या तुकड्यावरच राहिली. विचारले तर म्हणतो, "काका, माल ताजाच आहे!" निदान तारीख गोळ्यांच्या पुडीवर पेनाने तरी लिहून द्या.

– एक निवृत्त औषधनिर्माता, सांगली