चौदा खोकी, आणि बाकीचं तिथेच राहू दे

प्रिय आई-बाबा,

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. आई, तू बोलताबोलता म्हणालीस, "एकदाचं सगळं घेऊन जा बाई, आमच्या मागे कोण सांभाळणार?" मी विषय बदलला, कारण तेव्हा बोलले असते तर रडूच आलं असतं. त्याचं उत्तर या पत्रात देणार आहे. पण आधी बाबांच्या यादीबद्दल लिहिते, ती कालपासून माझ्यासमोर उघडी आहे.

बाबा, माझं सामान इकडे परदेशी पाठवायचं म्हणून तुम्ही माझ्या खोलीतली एकूण एक वस्तू लिहून काढलीत, एकतीस खोक्यांत बसवलीत, प्रत्येक खोका ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा धरलात. वाचताना खोलीभर फिरून आल्यासारखं वाटलं. त्या हिशेबाने सामान पावणेचार घनमीटरच्या थोडं वर जातं. मी ते चौदा खोक्यांवर आणलंय, नऊ मोठे आणि पाच छोटे, मिळून साधारण १.३३ घनमीटर. रागावू नका. का कापलं ते सांगते.

मी आले तेव्हा उशा आणि पांघरुणांचा एक खोका विमानाने मागवला होता, आठवतं? काट्यावर तो जेमतेम ९ किलो भरला आणि बिल आलं वीस किलोंच्या वर. तेव्हा मला वाटलं फसवलं. नंतर समजलं की विमानाच्या मालवाहतुकीत लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात आणि ६००० ने भागतात. कुरिअरवाले बहुधा ५००० ने. येणारा आकडा आणि खरं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. तो खोकाही तुमच्या यादीतल्याच मापाचा होता, त्याचं गणित २०.२५ येतं, म्हणजे मी अकरा किलो हवेचं भाडं भरलं. जहाजाचा हिशेब वेगळा असतो. आपलं सामान इतरांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जाणार, त्याला ही मंडळी एलसीएल म्हणतात, आणि तिथे घनमीटर किंवा टन यांतलं जे मोठं ते धरतात. घरगुती सामान घनमीटरमागे टनभर कधीच भरत नाही, त्यामुळे आपल्यासाठी मोजली जाते ती फक्त जागा. म्हणून तुम्ही "जड आहेत, राहू दे" असं लिहून वगळलेली पुस्तकंच जहाजाने पाठवायला सगळ्यात परवडतात. आणि ती वेताची खुर्ची, जी तुम्ही अगत्याने पहिल्या क्रमांकावर लिहिलीत, ती सगळ्यात महाग. चार पायांमधली रिकामी जागासुद्धा भाड्यात धरतात.

पुस्तकांना मात्र छोटेच खोके घ्या. भरलेला खोका २० किलोच्या वर नको, आणि तो तुम्ही उचलायचा नाही. बाबा, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतेय. पाठीचं दुखणं आत्ता कुठे कमी झालंय. माणसं येतील, ती उचलतील.

हे सगळं आत्ताच का, असं आईने विचारलं होतं. बहुतेक देश स्थायिक व्हायला आलेल्या माणसाला त्याच्या वापरलेल्या सामानावर सीमाशुल्क माफ करतात, पण त्याला मुदत असते. युरोपीय संघाच्या देशांत उदाहरणार्थ वस्तू आधी किमान ६ महिने आपल्या वापरात असावी लागते आणि राहायला आल्यापासून १२ महिन्यांच्या आत आणावी लागते. इथेही अशीच मुदत आहे. माझे आठ महिने गेले. जहाजाला लागणारे आठवडे, कंटेनर भरेपर्यंत गोदामात वाट पाहायची ती वेगळी, बंदरात उतरल्यावर तपासणी वेगळी. आता थांबून चालणार नाही.

"वापरलेलं" या शब्दाला इथे फार वजन आहे. आई, तू माझ्यासाठी आणून ठेवलेल्या नव्या चादरी पाठवायच्या नाहीत. घडी मोडलेली नाही, लेबल तसंच आहे, म्हणजे कस्टम्सच्या दृष्टीने तो नवा माल. त्या तुम्हीच वापरायला काढा. मी येईन तेव्हा त्यांच्यावरच झोपेन.

आणि कपड्यांच्या घड्यांत काही लपवून ठेवू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, मोज्यांच्या आत, उशीच्या अभ्र्यात. आजवर मला ते सापडलं की दिवस चांगला जायचा. पण या वेळी खाण्याचं काहीही नको, बिया नकोत, पुस्तकात दाबून ठेवलेली पानं-फुलंही नकोत; पुस्तकं एकदा झटकून घ्या. प्रत्येक देशाला किडीची आणि रोपांच्या रोगांची धास्ती असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर बुटांच्या तळव्याला चिकटलेल्या मातीवरूनही सामान अडवून ठेवतात. माझे डोंगरात घालायचे बूट ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरायचे. बॅटरीच्या वस्तू, जुना फोन, अत्तराच्या बाटल्या, नेलपॉलिश बाजूला काढा. लिथियमच्या बॅटऱ्या आणि पेट घेणारे द्रव असे इतर सामानात मिसळून पाठवता येत नाहीत. आजीची हस्तिदंती झाकणाची डबीही तिथेच राहू दे. ती किती जुनी आहे हे आपल्याला माहीत आहे, पण दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणारा साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे आणि हस्तिदंताची वस्तू परवान्याशिवाय सीमेवर आली तर जप्त होते. आजीची डबी कुणा अनोळखी कपाटात पडून राहिलेली मला सोसणार नाही.

बाबा, शिलाई मशीनसाठी जुन्या फळ्यांची पेटी स्वतः करणार असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली. साध्या लाकडाच्या पेटीला आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसपीएम १५ नावाचा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं किंवा मान्य पद्धतीने धुरी दिलेलं असावं लागतं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असावा लागतो. लाकडात दडून जाणारे भुंगे आणि अळ्या दुसऱ्या देशातल्या जंगलांत पोहोचू नयेत म्हणून. शिक्का नसेल तर पेटी परत पाठवतात किंवा नष्ट करतात, आणि भुर्दंड आपल्याला. पण प्लायवूडला ही अट नाही, कारण ते तयार होतानाच डिंक, उष्णता आणि दाब यांतून गेलेलं असतं. तेव्हा पेटी तुम्हीच करा, प्लायवूडची करा. फक्त कोपऱ्यांना साध्या लाकडाच्या पट्ट्या मारू नका, त्या मारल्या की पुन्हा तोच नियम लागतो. धातूचे कोन बसवा. तुमच्या हातची पेटी इथे उघडायची मला फार इच्छा आहे.

ओलाव्याचंही बघावं लागेल. दिवसा कंटेनर तापतो, रात्री थंड होतो, आणि आतली वाफ छतावर जमून थेंबथेंब खाली पडते. पुस्तकं आणि गोधडी आधी चांगलं ऊन दाखवून घ्या, मग जाड प्लॅस्टिकमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळी हवेच्या दिवशी काही बंद करू नका, तो ओलावा आतच कोंडून राहील. काचेच्या वस्तूंना वर्तमानपत्र गुंडाळू नका, शाई लागते. कोरा कागद घ्या.

काच आणि मशीन पॅकर्सनाच बांधू द्या, तुम्ही बांधू नका. कारण विमा. आपण स्वतः भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर विमा कंपन्या सहसा भरपाई देत नाहीत. अख्खा खोका हरवला तरच देतात. कपडे आणि पुस्तकं तुम्ही भरा, ती फुटत नाहीत.

आणि बाबा, विमा नकोच असं म्हणू नका. "जहाज काय रोज बुडतं का," हे तुमचं खरं आहे. २०२३ साली जगभरात सुमारे २५ कोटी कंटेनरांची वाहतूक झाली आणि समुद्रात पडले ते २२१. आईच्या मनातली भीती या आकड्याने कमी व्हावी. पण विमा नुसता बुडण्यासाठी नसतो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे मालवाहू जहाज अडकलं होतं, तुम्ही दिवसभर बातम्या लावून बसला होतात. सहा दिवसांनी जहाज सुटलं, पण पुढे इजिप्तने ते जुलैपर्यंत अडकवून ठेवलं. शिवाय मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. हा समुद्रावरचा फार जुना कायदा आहे: जहाज आणि माल वाचवायला जो खर्च झाला किंवा जो माल गमवावा लागला, तो सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. ज्याच्या खोक्याला ओरखडाही आला नाही त्यालासुद्धा आधी हमी द्यावी लागते, मगच सामान हाती पडतं. विमा असला की ही हमी कंपनी देते. साध्यातल्या साध्या पॉलिसीतही हे बहुधा धरलेलं असतं, तरी लेखी विचारून घ्या.

विम्यासाठी प्रत्येक वस्तूसमोर किंमत लिहायची असते. तिथे मी अडले. गोधडीसमोर काय लिहू? शेवटी तशीच नवी घ्यायला जे पडेल ते लिहिलं, कारण कंपनी तेवढंच समजू शकते. पण त्यातून एक गोष्ट मला स्पष्ट झाली. जे पुन्हा मिळणार नाही ते समुद्रावर पाठवायचं नाही. म्हणून फोटोंचे अल्बम, बाबांची मला हॉस्टेलवर आलेली पत्रं, माझे मूळ दाखले, हे काहीही खोक्यांत नको. ते मी येईन तेव्हा हातातल्या बॅगेतून नेईन, थोडं थोडं करून. गोधडी मात्र येऊ द्या. ती जाईल की राहील या विचारात मी तीन रात्री काढल्या, पण मला तिची इथे गरज आहे. थंडीपेक्षाही तिच्या वासासाठी. ऊन दाखवा, धुऊ नका.

बाबा, तुमच्यासाठी एक काम राखून ठेवलंय. माल भरला की कंटेनरचा क्रमांक मिळेल: चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक आकडा पडताळ्याचा. पहिल्या दहा चिन्हांची किंमत धरायची: आकड्याची तोच आकडा, अक्षरांत ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, असं पुढे, ११, २२ आणि ३३ वगळून. मग पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असं दुप्पट करत गुणायचं, बेरीज ११ ने भागायची. बाकी उरते तो शेवटचा आकडा. बाकी १० आली तर ०. क्रमांक लिहून घेताना चूक झाली तर यात बहुधा लगेच पकडली जाते. पडताळा जुळला की जहाज कंपनीच्या साइटवर तुम्हाला रोज बघता येईल कंटेनर कुठे आहे ते, आणि मला कळवा. माझ्यापेक्षा तुम्ही जास्त नेमाने बघाल.

आता आईचं उत्तर. कस्टम्सच्या अर्जात एक रकाना होता, सामान आणण्याचं कारण. त्यात मला लिहावं लागलं की मी माझं राहतं घर कायमचं या देशात हलवते आहे. दोन दिवस तो रकाना कोरा ठेवला होता. मग भरला, कारण ते खरं आहे आणि खोटं लिहिता येत नाही. तुम्हाला हे माझ्याकडूनच कळावं असं वाटलं. पण आई, त्या अर्जात राहतं घर विचारलं होतं. माझं घर कोणतं, हे कुणी विचारलं नाही. खोली रिकामी करू नकोस. टेबल, दिवा, ती वेताची खुर्ची, कपाटाचा खालचा खण, हे सगळं तिथेच हवंय मला. भाडं परवडत नाही म्हणून हे म्हणत नाहीये. दार उघडून आत आल्यावर बॅग टेकवायला माझी जागा असावी म्हणून. तुमच्या मागे कोण सांभाळणार, हे आपण समोरासमोर बसून बोलू, मी आले की. त्यासाठी आत्तापासून घर आवरायला घेऊ नकोस.

पॅकर्स येतील त्या दिवशी दादाला बोलवा. सही करण्याआधी त्यांची यादी आपल्या यादीशी ताडून बघा. कुठेही "किरकोळ सामान" असं लिहू देऊ नका, तपासणी करणारा नेमका तोच खोका उघडतो.

मी तेरा खोक्यांची यादी सोबत जोडली आहे. चौदावा, मोठ्या मापाचाच, कोरा सोडलाय. तो आईने भरायचा, तिला वाटेल ते घालून, वर सांगितलेलं सोडून. मला आधी कळलं नाही तर बरं वाटलं असतं, पण यादीत लिहावंच लागतं. तेव्हा आई, काय ठेवलंस ते बाबांकडून नीट लिहून घे आणि रविवारपर्यंत मला पाठव.

तुमची,
लेक