मंदीतलं डेंटिंग-पेंटिंग

भोसरी,
ऑक्टोबर २०१९

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज दसऱ्याच्या आधीच आला होता पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून आज शटर ओढून लिहायला बसलोय. तू म्हणतोस नवीन गाड्या खपत नाहीयेत म्हणजे लोक जुन्याच रेटणार, मग दुरुस्तीवाल्यांची तर चांदीच की. मेकॅनिकच्या बाबतीत थोडंफार खरंय ते. क्लच गेला, ब्रेक लागेना झाला की माणूस उसने पैसे काढून का होईना गाडी आणतो. पण आपलं काम पडलं बॉडीचं. दाराला पोचा आला म्हणून गाडी चालायची थांबत नाही, मग लोक म्हणतात दिवाळीनंतर बघू, दिवाळी झाली की म्हणणार मार्चनंतर बघू.

आणि त्यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, माझी बहुतेक गिऱ्हाइकं कंपन्यांतलीच, त्यांच्या घरात काय चाललंय ते मला समजतं. ऑगस्टात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली हे तू पेपरात वाचलं असशील, इकडे त्याचा अर्थ म्हणजे ब्लॉक क्लोजर (काही दिवस कारखानाच बंद), ओव्हरटाइम बंद, टेंपररी पोरांना ब्रेक, आणि मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारी छोटी वर्कशॉपं एका शिफ्टवर. पगार झाला की शनिवारी गाडी लावून चावी देऊन जाणारा माणूस आता नुसता भाव विचारून जातो.

खरा फटका मात्र इन्शुरन्सचा बसलाय, हे बाहेरून कळत नाही. आपल्या धंद्यात पैसा क्लेमच्या कामात असतो. बोनेट बदल, फेंडर बदल, त्या पार्टवर मार्जिन सुटतं, वर लेबर आणि पेंटचे वेगळे. आता लोक पॉलिसी रिन्यू करताना फुल घेतच नाहीत, कायद्यापुरती थर्ड पार्टी घेतात, म्हणजे नुसती समोरच्याच्या नुकसानीची. गेल्या वर्षी सप्टेंबरपासून नवीन कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच भरून घेतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर टाळलं तरी पोलीस अडवत नाही, मग टाळतात. आणि ज्यांच्याकडे फुल पॉलिसी आहे ते नो क्लेम बोनस जाईल म्हणून छोटा क्लेम टाकत नाहीत. बंपरचं तर विचारूच नको, प्लॅस्टिक पार्टवर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे अर्धे पैसे खिशातूनच, मग तो म्हणतो फुटलेला बंपरच वेल्डिंग मारून दे. २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात पूर आला ना, त्यानंतर सहकारनगरची एक वॅगनआर टोचन करून आली. आत सीटपर्यंत चिखल, डाव्या बाजूचा पत्रा भिंतीला घासून पार चेपलेला, आणि पॉलिसी बघितली तर थर्ड पार्टी. मालक रिटायर्ड माणूस, माझ्यासमोर नुसता कागद उलटसुलट करत उभा राहिला. मला काय बोलावं कळेना रे.

पण एक गोष्ट चांगली झालीय. आपले जुने डेंटर उस्ताद आठवतात ना तुला? मधल्या बरकतीच्या वर्षांत त्यांच्या हाताला कामच नव्हतं, पॅनल खोला आणि नवीन लावा, त्याला कुठला डेंटर लागतो. आता खिशातून पैसे देणारा प्रत्येक जण विचारतो, बदलायच्याऐवजी ठोकून निघेल का? आणि उस्ताद काढतात. त्या वॅगनआरचं मागचं दार मी मुद्दाम शेजारी बसून बघितलं. आतून डॉली, म्हणजे टेकूचा लोखंडी ठोकळा, लावायची, बाहेरून हलक्या हाताने हातोडी, जोरात एकही ठोका नाही, दोन-चार ठोक्यांनी तळहात फिरवून बघायचं कुठे उंच राहिलंय कुठे खोल. एका जागी पत्रा ताणला गेला होता, दाबला की टप्प करून आत जायचा, तिथे गॅसने रुपयाएवढी जागा लाल केली आणि लगेच ओलं फडकं दाबलं, पत्रा आकसून बसला. वर कानस ओढली तेव्हा जवळजवळ सगळीकडे सारखी चमक आली. त्याच्यावर पुट्टी लागली ती अगदी पातळ. असलं काम बघून ऊर भरून येतो माझा, खरं सांगतो.

फक्त त्याला वेळ लागतो आणि बिल होतं लेबरचं. म्हणजे दिवसभर सगळे राबतोय आणि महिन्याअखेरीस हातात पूर्वीपेक्षा कमी. भाडं तेवढंच, थिनर-हार्डनरचे भाव तेवढेच. पार्टवर २८ टक्के जीएसटी आहेच, २० सप्टेंबरला गोव्यातल्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत काही कमी होईल असं सगळे म्हणत होते, काही झालं नाही. त्याच दिवशी कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्के केला, चांगलंय, पण माझ्यासारख्या एकट्या मालकाच्या गॅरेजला त्याचा काय उपयोग.

आसपासची काही पोरं काय करतायत माहितीये, गंज न काढताच वर जाड पुट्टी थापायची, एक हात रंग मारायचा, निम्म्या भावात गाडी बाहेर. डिलिव्हरीच्या दिवशी चकाचक दिसते. पावसाळा गेला की रनिंग बोर्डवर फुगे येतात आणि पापुद्रे निघतात, तोवर गंज आतून पत्रा खाऊन बसलेला असतो. गिऱ्हाईक मला येऊन सांगतं तिकडे एवढ्यात होतंय, मी म्हणतो तिकडे खुशाल जा पण हे मी करणार नाही. पैसे नसतील तर गंज साफ करून एपॉक्सी प्रायमर मारून देतो, रंग सवडीने कर. दिसायला ठिगळ दिसेल पण पत्रा वाचेल. अशी बरीच कामं चाललीत सध्या, प्रायमरवर फिरणाऱ्या गाड्या.

आता तुझ्या मुख्य विषयावर येतो. पीएफ काढून भागीदारीत यायचं म्हणतोस, तुझ्यासोबत धंदा करायला मला आवडेलच, आयटीआयपासूनचं बोलणं आहे आपलं. पण आत्ता नको. एप्रिलपासून गाडीच्या धुराचे नवे नियम, बीएस-६, लागू होतायत, तोवर नवी गाडी घ्यायची की थांबायचं ह्यात सगळा बाजार अडकलाय, तुमच्या नाशिकला काय होईल तेही बघ. नोकरी आहे तोवर सोडू नकोस, वहिनींना विचारल्याशिवाय तर पीएफला हातच लावू नकोस. मला उस्तादांचा आणि पेंटरचा पगार वेळेवर देता येतोय, तेवढं मार्चपर्यंत टिकवलं की पुढचं बोलू.

एक काम मात्र कर. सातपूरला कुणीतरी पेंट बूथ विकतंय म्हणालास, तो जाऊन बघून ये. फिल्टर आणि ब्लोअरचे फोटो पाठव, भाव विचार, टोकन देऊ नकोस. आणि दिवाळीला येशील तेव्हा तुझी सँट्रो घेऊनच ये, तिच्या डिक्कीच्या खालचा गंज उस्तादांना दाखवायचाय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
भोसरीवाला