जुना गिअरबॉक्स, नवं इंजिन

कोल्हापूर,
रविवार, रात्री 11

प्रिय भावा,

पत्र मिळालं. सीजे-3बी जीप घेतलीस हे वाचून फार आनंद झाला. पण पुढं लिहिलंयस की प्यूजोचं डिझेल इंजिन मिळालंय आणि मिस्त्री मधे जोडणीची प्लेट टाकून ते जुन्याच तीन गिअरच्या बॉक्सला आठवड्यात बसवून देतो म्हणतो. त्यावर फोनवर बोलून भागणार नाही, म्हणून लिहायला बसलो. त्याला काम द्यायच्या आधी हे वाच.

मामांची जीप तुला आठवत असेल. तिचं 2.2 लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन थकलं, म्हणून मीही प्यूजोचंच एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन आणलं. चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, 2112 सीसी. एका वर्कशॉपनं पुठ्ठ्यावर भोकांचे ठसे घेतले आणि प्लेट पाडून दिली. सगळे बोल्ट हातानं आत गेले. मला वाटलं, जुळलं!

तिसऱ्या आठवड्यात दुसरा गिअर आपोआप सुटायला लागला. क्लच पूर्ण दाबला तरी पहिला टाकताना खर्रकन आवाज यायचा. बॉक्स उतरवला तर क्रँकच्या टोकातला पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती कडी) चारी बाजूंनी खाल्लेला, आणि क्लच हाउसिंगमध्ये गनमेटलची चमकती भुकटी. बोटाला लागलेली ती भुकटी बघून पोटात गोळा आला.

भावा, बोल्ट फक्त आवळून धरतात. गिअरबॉक्सचा मध्य क्रँकच्या मध्यावर आणायचं काम डॉवेलचं, म्हणजे घट्ट बसणाऱ्या पिनांचं असतं. माझ्या प्लेटमध्ये डॉवेलच नव्हते. पुठ्ठ्यावरच्या खुणेत अर्धा मिलिमीटर कुठंही जातो.

मग उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या टर्नरकडं गेलो. त्यांनी इंजिनला नुसतं हाउसिंग आणि प्लेट लावली, क्रँकच्या टोकावरच्या फ्लायव्हीलवर चुंबकाच्या स्टँडनं डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप) बसवला आणि त्याचं टोक गिअरबॉक्स जिथं बसतो त्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं. मी क्रँक हातानं हळूहळू फिरवत होतो. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 0.74 मिलिमीटर फिरला. इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: डायल दुप्पट दाखवतो. म्हणजे मध्य 0.37 नं सरकलेला होता. काटा एकूण 0.25 च्या आत राहिला तर चालतं. त्यांनी बोल्टांची भोकं जराशी मोठी केली, प्लेट लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत काटा 0.08 वर आणला, बोल्ट आवळले आणि आवळलेल्या स्थितीतच आरपार भोक पाडून, भोक नेमक्या मापाचं करायला रीमर फिरवून दोन डॉवेल ठोकले. मग डायल प्लेटच्या तोंडावर टेकवून तेही सरळ आहे का बघितलं. दुपार गेली त्यात. मी तिथून हललो नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. प्लेट जितकी जाड, तितका बॉक्स मागं सरकतो. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक पायलट बुशमध्ये पुरेसं जायला हवं, पण आत तळाला टेकता कामा नये. टेकलं तर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर सतत दाब येतो. आम्ही घरून कणकेची गोळी नेली, शाफ्टच्या टोकाला चिकटवली, बॉक्स बसवून परत काढला आणि चेपलेली कणीक मोजली. तीन मिलिमीटर होती. समाधान वाटलं. बुश नवा करावा लागतो: बाहेरून डिझेलच्या क्रँकच्या मापाचा, आतून जीपच्या शाफ्टच्या. क्लचप्लेटही तशीच, लायनिंग डिझेलच्या फ्लायव्हीलच्या व्यासाचं आणि मधला हब जीपच्या शाफ्टवरच्या स्प्लाइनच्या खाचांचा. क्लचवाल्याकडं दोन्ही जुन्या प्लेटा घेऊन जा, तोंडी माप सांगू नकोस. आणि बॉक्स सरकला की मागच्या चाकांकडं जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागतो, पुढचा वाढवावा लागतो.

गिअरच्या रेशोची तुला काळजी वाटते, ती मला तेवढी वाटत नाही. एक्सलचा रेशो 5.38, टॉप गिअर सरळ एकास एक, टायर 6.00-16 मापाचे. साठच्या वेगाला इंजिन मिनिटाला साधारण 2400 फेरे फिरतं, ते डिझेलला मानवतं. ऐंशीला 3200 च्या आसपास जाईल, तिथं दणका बसतो. तेव्हा साठ-पासष्टची गाडी समजूनच चालव. घाटात दुसरा गिअर छान ओढतो.

कागदाचं मात्र आधी बघ. पेट्रोलचं डिझेल होतंय, आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलणार. आरटीओत विचारून, लेखी परवानगी मिळत असेल तरच इंजिनाचे पैसे दे.

मिस्त्रीला एवढंच विचार: डायल लावून दाखवणार का? नाही म्हणाला तर इंजिन आणि बॉक्स दोन्ही टेम्पोत घाल आणि इकडं ये. म्हातारबाबांशी बोलून ठेवलंय, ते गुरुवार सोडून रोज असतात. कणीक वहिनींकडून आण.

तुझाच,
दादू