‘किरकोळ वादातून’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या तिसऱ्या पानावर चार ओळींची बातमी होती. युवकाला मारहाण, दोघांवर गुन्हा, कारण ‘किरकोळ वाद’. त्या प्रकरणातलं मला काही ठाऊक नाही, त्याबद्दल माझं म्हणणंही नाही. म्हणणं आहे ते ‘किरकोळ’ या शब्दाबद्दल. पत्र लांबणार आहे. कात्री लावलीत तरी चालेल, फक्त मधला घड्याळाचा भाग तेवढा ठेवा.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, वय 68. सहकारी सोसायटीत कारकुनी केली आणि त्याहून जास्त वर्षं हौशी दशावतारी मंडळात पायपेटी वाजवली. या चवथीला भाचा घरी आला होता. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर रात्री त्याने लॅपटॉपवर ‘द मॅथ्यू शेपर्ड स्टोरी’ लावलं. 2002 साली अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर आलेला हा टीव्ही चित्रपट खऱ्या घटनेवर आहे. भाचा म्हणाला, मामा, इंग्रजी भरभर आहे, मी सांगत जातो. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर मीच त्याला गप्प राहायला सांगितलं.

घटना अशी. वायोमिंग राज्यात लॅरामी नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात शिकणारा 21 वर्षांचा मॅथ्यू, जो समलिंगी होता, 6 ऑक्टोबर 1998 च्या रात्री एका बारमध्ये बसला होता. त्याच्याच वयाच्या दोघांनी, ॲरन मॅकिनी आणि रसेल हेंडरसन यांनी, त्याला गाडीत घेतलं, पिस्तुलाच्या दस्त्याने मारलं आणि गावाबाहेर एका कुंपणाला बांधून ठेवलं. पाकीट नेलं, बूटही नेले. सुमारे अठरा तासांनी सायकलवरून जाणाऱ्या एका मुलाला तो दिसला, तेव्हा त्याला आधी ते बुजगावणं वाटलं होतं. 12 ऑक्टोबरला मॅथ्यू इस्पितळात वारला. त्याचे वडील त्या वेळी सौदीत तेल कंपनीत नोकरीला होते, आईही तिथेच. अपरात्री आलेला फोन आणि पोराजवळ पोचेपर्यंतचे ते विमानातले तास कसे असतात, हे आमच्या वाड्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी आखातात आहे.

नाटकवाल्याच्या नजरेने पाहिलं तर या चित्रपटात मला आवडली ती मांडणी. दुसऱ्या कुणी खटल्याच्या निकालावर पडदा पाडला असता, हे तिथून पुढे सुरू करतात. मॅकिनी दोषी ठरलाय, आता त्याला फाशी मागायची की नाही, हे आई-बापांनी ठरवायचं आहे. प्रत्यक्षातही तसंच घडलं. नोव्हेंबर 1999 मध्ये शेपर्ड कुटुंबाच्या संमतीने त्याची फाशी टळली आणि दोन जन्मठेपा झाल्या. हेंडरसनला त्याआधीच तेवढीच शिक्षा झाली होती. आईचं काम स्टॉकर्ड चॅनिंगने केलंय आणि तिला त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला. मिळायलाच हवा होता. ती रडत नाही तेव्हा जास्त बघवत नाही.

मात्र गाव पुसट राहिलंय. त्या बाबतीत त्याच वर्षी एचबीओवर आलेलं ‘द लॅरामी प्रोजेक्ट’ मला उजवं वाटलं. ते भाच्याने दुसऱ्या दिवशी दाखवलं. न्यूयॉर्कची एक नाटक मंडळी, मोइझेस कॉफमन यांची, मॅथ्यू गेल्यानंतर महिन्याभरात लॅरामीत गेली, पुन्हापुन्हा जात राहिली, दोनशेहून अधिक मुलाखती घेतल्या आणि लोकांच्या बोलण्यातूनच आधी नाटक उभं केलं. आपल्याकडे दशावतारात संहिता नसते, पात्र रंगमंचावर येऊन आपल्या तोंडचं बोलतं, म्हणून असेल, पण ते मला परकं वाटलं नाही. त्यात गावचे लोक सांगतात, आमचं गाव तसं नाही, इथे कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. गोव्यात हेच वाक्य मी किती वेळा ऐकलंय आणि स्वतः किती वेळा म्हटलंय, याचा हिशेब नाही.

आता घड्याळाचं.

2001 चा मार्गशीर्ष. शेजारच्या गावात जत्रेचा काला. आमच्या मंडळात एक पोरगा स्त्रीपार्ट करायचा, विशीतला. त्या रात्री तो द्रौपदी होता. वस्त्रहरणात त्याने कृष्णाला हाक मारली तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावत होत्या आणि माझी पेटीवरची बोटं दोनदा चुकली. पहाटे हंडी फुटली आणि आम्ही सामान आवरून निघालो. तो थोडा पुढे गेला, काजूच्या भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, वाटेने. तोंडावरचा रंग तो खोबरेलाने नीट कधीच पुसायचा नाही, आणि हातातली काकणं तर घरी जाईपर्यंत तशीच ठेवायचा, कारण ती साबण लावून आई काढायची. मी डोक्यावर पेटी घेऊन पन्नासेक पावलं मागे.

तिघांचे आवाज आले. एक शब्द मी तीनदा ऐकला: ‘बायलो’. मग काकणं फुटल्याचा आवाज.

मी पोचलो तोवर ते दोघे पळाले होते. पाठमोरे दिसले आणि त्यांतला एक मी ओळखला. रात्री द्रौपदीला पन्नास रुपयांचं बक्षीस त्यानेच दिलं होतं. पोरगा बांधाला टेकून बसलेला. एक डोळा मिटलेला, मनगटात काचा रुतलेल्या, तोंडावर सफेदा आणि त्यातून काजळ वाहिलेलं. मी पंच्याने तोंड पुसू लागलो तर रंग कुठे संपतो आणि रक्त कुठे सुरू होतं ते कळेना. पंच्याला खोबरेल लावून पुन्हा पुसलं. इस्पितळात नर्सबाईने पहिला प्रश्न हाच केला की हा रंग कसला.

चौकीवर हवालदाराने विचारलं, काय गेलं? हातावरचं एचएमटीचं घड्याळ गेलं होतं. ते लिहून घेतलं. का मारलं, हे विचारलं तेव्हा पोरगा माझ्याकडे बघायला लागला. हवालदाराने मला विचारलं, तुम्ही मागून येत होता ना, काय ऐकलंत? मी म्हटलं, अंतर होतं, ऐकू आलं नाही.

आयुष्यभर दुसऱ्याचा सूर ऐकून पेटीवर बोटं ठेवणारा माणूस मी. म्हटलं, ऐकू आलं नाही. ओळखलेल्या माणसाचं नावही घेतलं नाही.

कागदावर कारण राहिलं ते घड्याळ. चार दिवसांनी घरच्यांनी तेही मागे घेतलं. पोराने आम्हाला सांगितलं, कुणी विचारलंच तर ‘गाडयेवयल्यान पडलों म्हणून सांगात.’ गाडी त्याच्याकडे नव्हतीच, गावाला हे ठाऊक होतं आणि गावाने ते मान्य केलं.

माझी बाजू मांडत नाही, पण त्या वेळी कायदा कुठे उभा होता तेही लक्षात घ्या. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम अंगावर होतं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारं. ‘मी समलिंगी आहे म्हणून मला मारलं’ हे वाक्य चौकीवर उच्चारणं म्हणजे मार खाणाऱ्याने स्वतःलाच आरोपी करून घेणं होतं. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलम शिथिल केलं, डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जिवंत केलं, आणि 6 सप्टेंबर 2018 ला शेवटी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरून ते उठलं. तोवर आमच्या द्रौपदीची सतरा वर्षं गेली होती.

लॅरामीतही लुटीचीच गोष्ट पुढे केली गेली होती. पाकीट गेलंच होतं, बूटही गेले होते. मॅकिनीच्या वकिलाने तर पोराने लगट केली म्हणून आरोपीचं भान सुटलं, असा बचाव मांडून पाहिला, न्यायाधीशांनी तो चालू दिला नाही. अजूनही काही जण तो खून अमली पदार्थांच्या भानगडीतून झाला असं मांडतात. पण मॅथ्यूच्या मित्रांनी पहिल्या दिवसांतच पत्रकारांना सांगितलं की आमचा मित्र समलिंगी आहे आणि त्याला त्यासाठीच मारलंय. बातमी तशी गेली. वायोमिंगमध्ये तेव्हा द्वेषातून केलेल्या गुन्ह्यासाठी वेगळा कायदा नव्हता. देशपातळीवर मॅथ्यूच्या नावाचा कायदा व्हायला 2009 उजाडलं, म्हणजे अकरा वर्षं. आपल्याकडे नव्या न्याय संहितेत झुंडीने केलेल्या खुनाचं पोटकलम आलंय. त्यात जात, लिंग, भाषा, जन्मस्थान अशी कारणं मोजून दिली आहेत. लैंगिक कल मोजलेला नाही, तो ‘तत्सम कारणां’त बसवायचा तर बसवा. शिवाय मारणारे किमान पाच हवेत. लॅरामीत दोघे होते. काजूच्या भाटातही दोघेच.

म्हणून मारहाणीचं कारण कुठल्या शब्दात छापलं जातं, याला मी जपतो. डॉ. रामचंद्र सिरस अलीगढला मराठी शिकवायचे, कवी होते. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांच्या राहत्या घरात माणसं कॅमेरा घेऊन घुसली आणि बातम्यांत त्याला ‘स्टिंग ऑपरेशन’ म्हटलं गेलं. विद्यापीठाने समलिंगी संबंधांवरून निलंबित केलं ते सरांनाच. उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याभरात सर घरात मृत सापडले. घरफोडी म्हणा, छळ म्हणा. स्टिंग कसलं?

आपल्या वार्ताहरांकडे माझं मागणं एवढंच आहे. कारण कळलं नसेल तर ‘कारण समजू शकले नाही’ असं लिहा. कळलं असेल आणि मार खाणाऱ्याची हरकत नसेल तर ते लिहा. हवालदाराने सांगितलेला ‘किरकोळ’ तसाच्या तसा उचलू नका. हवालदाराला तो कुठून मिळतो, हे मी वर सांगितलं आहे.

तो पोरगा नंतर मंडळात आला नाही. कुवेतला गेला, आता पंचेचाळिशीकडे आलाय. या चवथीला तो गावात होता, आरतीला माझ्या पेटीशेजारी उभा राहिला आणि त्याने टाळ धरला. हे पत्र लिहू का, असं मी त्याला विचारलं. चौकीवर काय बोललो होतो, तेही त्याच्यापुढे पहिल्यांदा बोललो. तो म्हणाला, ‘म्हाका खबर आसलें, काका.’ मग बराच वेळ टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. शेवटी म्हणाला, ‘बरयात. पूण गांवाचें नांव घालूं नाकात, आवय अजून थंयच रावता.’

त्याची आई अजून तिथेच राहते, तेव्हा माझं नाव, गाव आपल्यापुरतं पाकिटावर आहे, छापू नये.

आपला,
एक वाचक, पेडणे तालुका