उद्यमबागेतल्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलंय

तीर्थरूप आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, मुद्द्याचं आधी सांगते, कारण फोनवर तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणून विषय बदलता, मग आई फोन घेते आणि जेवलीस का, काय जेवलीस यावर सगळं संपतं. तुम्ही आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता ती डिझाईनची नोकरी मी घेत नाहीये. तिथल्या साहेबांना मी स्वतः फोन करून कळवलंय, नीट, मान ठेवून बोललेय, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत, उलट म्हणाले तुझ्या वडिलांनी केलेली ओतकामाच्या साच्यांची लाकडी पॅटर्न आमच्याकडं अजून चालतात, त्यांना माझा नमस्कार सांग. त्यामुळं रस्त्यात भेटले तर तुम्ही मान खाली घालायचं काही कारण नाही, सरळ चहा प्यायला जा त्यांच्याबरोबर (बिनसाखरेचा).

मला माहितीय तुम्हाला काय वाटलं असेल. पोरगी घरात राहील, सकाळी डबा घेऊन जाईल, संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटवरून परत येईल, आईला सोबत होईल. मलाही ते नको होतं असं नाही, खरंच नाही. दोन रात्री झोप आली नाही. दादा तिकडं लांब, आत्याचं तसं झालेलं, आणि आता मीसुद्धा इथं बेंगळूरला अजून एक वर्ष, म्हणजे माडी पुन्हा रिकामीच. पण बाबा, त्या नोकरीत मला कॉम्प्युटरवर तयार ड्रॉईंगमधे मापं बदलायची होती आणि इथं सिनेमासाठी मी कॉम्प्युटरवरच वस्तू पहिल्यापासून घडवायला शिकायलेय. तुम्ही जे आयुष्यभर केलं तेच मी करतेय, फक्त माझ्याकडं सागवान नाही.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये, ऐका. आम्हाला मॉडेलिंगच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तू घडवायच्या, पहिल्या पेपरलाच सरांनी सांगितलं की कॉम्प्युटरवर चौकोनी ठोकळा काढला की त्याच्या कडा एकदम धारदार येतात आणि म्हणूनच तो खोटा दिसतो, कारण खऱ्या जगात कुठलीच कड इतकी टोकदार नसते, तिला बारीकशी गोलाई असते आणि त्या गोलाईवर उजेडाची एक रेघ पकडली जाते. त्याला बेवल म्हणतात. वर्गातली पोरं लिहून घेत होती आणि मला तुमचं पॅटर्न शॉप डोळ्यासमोर आलं, तुम्ही कोपऱ्याकोपऱ्यात पुट्टी भरून बोटानं गोलाई द्यायचा आणि मी विचारलं की सांगायचा, कोपरा तसाच ठेवला तर ओतकामाला तिथंच चीर जाते. तुमचं कारण वेगळं, आमचं वेगळं, पण हात तोच. आणि ती तुमची पोलादी पट्टी! लोखंड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढं मोठं करायचं आणि त्यासाठी खुणाच लांबवलेली पट्टी वापरायची, हे मला चौथीत काय कळणार होतं, मी भूमितीच्या वहीत त्याच पट्टीनं रेघा मारल्या आणि बाईंनी सगळ्या चुकीच्या दिल्या. मी रडत आले तर तुम्ही हसला नाहीत, मला मांडीवर घेऊन दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी लावून दाखवल्या, तीस सेंटिमीटरला तीन मिलिमीटरचा फरक. बाबा, मला आजपण कुणी विचारलं की तू हे कुठं शिकलीस तर माझ्या मनात तीच दुपार येते, वाळूचा आणि पॉलिश पेपरच्या भुश्श्याचा वास, आणि तुमच्या शर्टाच्या खिशातली ती चपटी पेन्सिल.

आई, तू विचारलं होतंस की हे नेमकं कशाचं शिक्षण, शेजारच्या काकूंना काय सांगू. त्यांना सांग, सिनेमात जे खरोखर नसतं ते खरं वाटेल असं करायचं शिक्षण. आमचे तीन भाग आहेत. एक मॉडेलिंग, ते वर सांगितलं. दुसरं व्हीएफएक्स, म्हणजे शूट केलेलं चित्र आणि आम्ही बनवलेलं चित्र असं जोडायचं की सांधा दिसता कामा नये. तू टीव्हीवर तो हिरवा पडदा बघितला होतास ना, हिरवाच का म्हणून, तर माणसाच्या कातडीच्या रंगापासून तो लांब असतो, आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा रंग टिपणारे ठिपके लालपेक्षा दुप्पट, निळ्यापेक्षापण दुप्पट असतात, त्यामुळं कडा स्वच्छ कापता येतात. केसांच्या बटा मात्र फार छळतात. तिथं एकेका फ्रेमवर, म्हणजे एकेका स्थिर चित्रावर, हातानं बसावं लागतं आणि एका सेकंदाला चोवीस फ्रेम असतात.

तिसरा भाग चित्रपट अभ्यास, आणि यातच माझा जीव जास्त अडकलाय हे मला इथं येऊन कळलं. सिनेमा आवाज बंद करून बघायचा, एकेक शॉट मोजायचा, कॅमेरा कुठं आहे, उजेड कुठून येतोय, हे का असं केलं असेल ते लिहायचं. मी माझ्या पेपरसाठी 'संत तुकाराम' घेतला. आई, तू दरवर्षी आषाढीला लावतेस तोच, प्रभातचा, १९३६ चा, दामले आणि फत्तेलालांचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली होती. शेवटी महाराजांना न्यायला विमान येतं तो प्रसंग मी एवढ्या वेळा मागं-पुढं करून बघितला की शेजारची मुलगी हात जोडायला लागली. कॉम्प्युटर नाही, काही नाही, नुसता कॅमेरा, फिल्म आणि हाताची कारागिरी. आणि ते विमान खरं वाटतं याला मोठं कारण खाली आवली उभी आहे, हे मी पेपरात लिहिलंय. बाकी सगळे वर बघतात पण आपलं लक्ष तिच्याकडं जातं, ती मागं राहणार आहे म्हणून. मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ मारून "छान" लिहिलं. तू नेहमी त्या प्रसंगाला पदर डोळ्याला लावतेस, ते मी लहानपणापासून बघितलंय, ते वाक्य मला तिथूनच सुचलं.

आणि बाबा, तुमच्यासाठी एक. हे दामले-फत्तेलाल कुणाच्या हाताखाली तयार झाले, तर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या. आणि पेंटर हे काही त्यांचं आडनाव नव्हे, मूळचे ते मेस्त्री. परदेशी कॅमेरा मिळेना तर त्यांनी स्वतः खटपट करून कॅमेरा बनवला, १९१८ च्या सुमाराला, दामले त्या कामात त्यांच्या बरोबर होते. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर! म्हणजे "सुताराच्या पोरीचं सिनेमात काय काम" असं जे त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत बोललं गेलं (कोण बोललं ते मी काढत नाही), त्याला हे उत्तर आहे. आपल्याकडचा सिनेमा मेस्त्री माणसांनीच उभा केलाय. त्याच्या आधी दादासाहेब फाळके, त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करून चित्रित केलं, ते दाखवून भांडवल उभं केलं, मग १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'. त्यात सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोकं पाडायचं काम केलं आणि वर सगळ्या मंडळींचा स्वैपाक. आई, मी ते वाचत होते आणि मला तुझ्या पाटल्या आठवत होत्या. त्या पहिल्या पगारातून सुटणार, हे मी लिहून देते. तू "राहू दे गं, मला कुठं घालायच्यात" म्हणशील. घालायच्यात.

दादानं तुम्हाला सांगितलंय की या क्षेत्रात आता एआय आलंय, काही राहणार नाही, आणि ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२५ मधे एका मोठ्या परदेशी कंपनीची इथली ऑफिसं एकदम बंद पडली, खूप लोक रस्त्यावर आले. आमचे एक सर त्यातलेच, आता शिकवतात. कडा कापायची, स्टंटच्या तारा चित्रातून पुसायची जी कामं आहेत ती मशीन भराभर करायला लागलंय. मी म्हणूनच ती बाजू सोडून मॉडेलिंग आणि लायटिंगकडं वळलेय, तिथं डोळा लागतो. शिवाय मॉडेलिंग येणाऱ्याला फक्त सिनेमाच नाही, गेमवाले, इमारतवाले, म्युझियमवाले, सगळीकडं काम असतं, आणि आपल्या कर्नाटक सरकारनं २०१२ लाच या धंद्यासाठी वेगळं धोरण काढलं होतं म्हणून तर पुण्याऐवजी बेंगळूर धरलं. समजा नाहीच जमलं, तर उद्यमबाग कुठं पळून जाणार आहे? साहेबपण म्हणाले, दार उघडं आहे. मी ते लक्षात ठेवलंय.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काय घेतलाय माहितीय? फौंड्री. रात्रीचं ओतकाम, जुना शेड, कौलांमधून धूर, लॅडलमधून (ओतायच्या मोठ्या पळीतून) पडणारं लोखंड. पाच सेकंदांचा एकच शॉट, म्हणजे १२० फ्रेम, एका फ्रेमला दहा मिनिटं धरली तरी वीस तास मशीन चालतं, म्हणून मी कधीकधी रात्री लॅबमधे असते, घाबरू नका, आम्ही चौघी-पाचजणी असतो, वॉचमन असतो, बिल्डिंगच्या दारातून रूमपर्यंत दहा पावलं. तर त्यात वितळलेल्या लोखंडाचा रंग द्यायचाय. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमधे त्यासाठी तापमानाचा आकडा टाकला की रंग मिळतो, १४०० डिग्री म्हणजे केल्विनमधे १६७० च्या आसपास, मी टाकला, बरोबर आला, पण मला पटत नाहीये. मला आठवतंय ते जास्त पिवळं होतं, आणि वर एक साय धरल्यासारखं काहीतरी सरकायचं. बाबा, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवा, भट्टीतून काढल्या काढल्या कसा रंग, साच्याच्या तोंडाशी येईपर्यंत कसा, ठिणग्या कधी जास्त उडायच्या. निवांत बोला, लांबलं तरी चालेल. मी सरांना सांगून ठेवलंय की माझ्याकडं माणूस आहे.

शिवजयंतीच्या चित्ररथाला तुम्ही प्लायवूडचा बुरूज करायचा तेव्हा मागची बाजू कोरीच सोडायचा, लोक जिकडून बघणार तेवढंच रंगवायचं म्हणायचा, आणि रात्री उजेडात तो काळा दगड वाटायचा. आमच्याकडं अगदी हेच शिकवतात, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच घडवा. मी वर्गात हात वर करून तुमचं सांगितलं.

आता माझं इथलं. जेवणाचं उत्तम आहे, आई, शपथ. रूममधली मुलगी हुबळीची आहे, तिला आणि मला दोघींनाही रोजचा भात-सांबार पुरेना म्हणून आम्ही मालकीणबाईंना विचारून आठवड्यातून तीनदा भाकरी करतो, तिच्या घरची शेंगाचटणी असते. आपलं बेळगावी कन्नड ऐकून इथली माणसं आधी बघतात मग प्रेमानं बोलतात. पांघरूण जाड आहे. डोळ्यांना थेंब घालते. खुर्ची नीट आहे, पाठ दुखत नाही.

आणि आता तुमचं, हे वाचून सोडून देऊ नका. बाबा, घरी काम करताना तोंडाला मास्क पाहिजे, रुमाल चालत नाही, भुस्सा छातीत जातो, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. राहिलेल्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीच्या आत, मी सुट्टी काढून येते, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसले की सकाळी घरात. पाण्याच्या टाकीवर तुम्ही चढायचं नाही म्हणजे नाही, गल्लीतल्या पोराला हाक मारा, त्याला शंभर रुपये द्या. आई, साखरेची गोळी जेवणाच्या आधी, "विसरले" चालणार नाही, मी नऊ वाजता मिसकॉल देणार. पायाला काही लागलं तर हळद दाबून गप्प बसायचं नाही, आज्जीच्या वेळेला काय झालं ते आपण बघितलंय. माळ्यावरचे डबे मी आल्यावर काढू. कुंदा आणलात तरी दोघांत मिळून एकच वाटी.

मी लिहिताना जरा कडक झाले असेन, रागावू नका. तुमचं वय झालं म्हणून बोलत नाही, तुम्ही दोघं माझी वाट बघायला ठणठणीत पाहिजे आहात म्हणून बोलते. बाबा, नोकरी नाकारली म्हणजे तुमचा शब्द नाकारला असं मनात आणू नका. तुम्ही माझ्यासाठी कुणाकडं तरी जाऊन बसलात, बोललात, तुम्हाला असं कुणाकडं मागायला किती जड जातं ते मला माहितीय. ते मी कधी विसरणार नाही.

तुमची,
चिमी

ता. क. आई, गल्लीतले ते मामा पुढच्या आठवड्यात बेंगळूरला यायलेत म्हणे, त्यांच्याकडं बाबांची ती जुनी पोलादी पट्टी पाठव, कपड्यात नीट गुंडाळून, तिचे फोटो काढून मॉडेल करायचंय. आणि जागा उरली तर जवसाची चटणी. लसूण कमी घाल, हुबळीच्या मुलीला चालत नाही.